मेलेल्या पट्टेदाराचं मत

निजामी अंमलातल्या एका निवडणुकीत मी एका मेलेल्या माणसाला मतदानाला हजर केलं, आणि त्याची शिक्षा एका जिवंत माणसाला झाली. ही चूक माझी. ती माझ्या हातानं झाली, शुद्धीत झाली, आणि झाल्यावर दोन वर्षं मी ती पोटात ठेवून वर पगार घेतला.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की तहसिलीतल्या नोकरीचे गमतीदार अनुभव पाठवा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं. गमतीदार अनुभव आहेत, त्यांतले एकदोन सांगतोही. पण बसलो की हाच पहिला आठवतो. तो ओलांडून पुढं जायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही कागद फाडले.

ज्यांनी आता सरसकट सगळ्यांना मत मिळालेलं पाहिलं, त्यांना तेव्हाची तऱ्हा समजावून सांगावी लागेल. आमच्या राज्यात माणसाला माणूस म्हणून मत नव्हतं. धंद्यावार मतं होती. जमीनवाल्यांचे प्रतिनिधी वेगळे, कुळांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे, वकिलांचे वेगळे. राजधानीतल्या कायदेमंडळात ही सगळी माणसं जाऊन बसणार आणि सल्ला देणार. तो ऐकायचा की नाही हे पुन्हा वरच्या मर्जीवर. एकोणचाळीस साली ही सुधारणा जाहीर झाली, मग लढाई लागली, आणि मत पडायला सेहेचाळीस साल उजाडलं.

आमच्या तहसिलीकडं जमीनवाल्यांची यादी होती. जमीनवाला म्हणजे पट्टेदार, आणि पट्टेदार म्हणजे ज्याचं नाव सरकारी पट्ट्यावर आहे तो. शेत कोण कसतो, ऊन कोण खातो, याच्याशी यादीला कर्तव्य नव्हतं. घरात चार भाऊ असले तरी नाव एकाचं. आणि तो एक मेला तरी नाव त्याचंच, कारण वारसाची नोंद व्हायला अर्ज, तपास, जबाब, मंजुरी अशा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी बसलेलं असे. एका पायरीवर मी बसलो होतो. त्यामुळं आमची यादी ही निम्मी गावाची आणि निम्मी स्मशानाची होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

ती यादी मी लिहिली. उर्दूतून, उजवीकडून डावीकडं, बोरूनं. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं, हे खोटी लाज न बाळगता सांगतो. हट्ट्याकडच्या एका देशमुखांनी यादी पाहायला मागितली आणि त्यांचं नाव त्यांच्याच सालगड्याच्या खाली आलेलं पाहून तिथंच पागोटं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मुन्शीजी, आता हे बी त्यालाच घाला." सालगड्याच्या बायकोच्या माहेरची दोन एकर त्याच्या नावावर झाली होती आणि अक्षरांच्या क्रमानं तो वर आला होता. मी समजावलं, सरबत पाजलं, पण क्रम बदलला नाही. तेव्हा मला वाटायचं की मी फार इमानदार आहे.

शिरड शहापूरकडची एक म्हातारी आठवते. नवऱ्यामागं पट्टा तिच्या नावावर चढला होता, म्हणून तिला मत होतं. मी गावात जाऊन तिला सांगितलं की आजी, अमुक दिवशी येऊन मत द्यायचं आहे. तिनं विचार केला, कणगीकडं पाहिलं आणि विचारलं, "देते बाप्पा. पर परत कवा देतान?"

मी हसलो होतो. आता त्या प्रश्नात हसण्यासारखं मला काही सापडत नाही.

ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव आबाजी. बापाचं नाव नरसोजी. गावाचं नाव लिहीत नाही. आखाडा बाळापूरपासून चालत दीड तास, एवढं पुरे. वय पस्तिशीचं, अंगानं सडपातळ, बोलणं सावकाश. माझी त्याची ओळख निवडणुकीच्या वर्षभर आधीची. तो माझ्या टेबलाशी अर्ज घेऊन आला होता.

"पट्टा अजून आजाच्या नावावर हाय, मुन्शीजी. आजा मेला तवा बापानं अर्ज देला व्हता. मग बाप बी मेला. आता मी देऊन राहिलो."

मी अर्ज वाचला. आजाचं नाव आबाजी, त्याच्या बापाचं नाव नरसोजी. अर्जदाराचं नाव आबाजी, त्याच्या बापाचं नाव नरसोजी. आपल्याकडं मेलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवतात, आणि या घरानं ते पिढ्यान्‌पिढ्या न चुकता केलं होतं. एक आबाजी, एक नरसोजी, पुन्हा आबाजी.

मी म्हणालो, "अरे, बदलायचं काय मग?"

"तेच म्हणून राहिलो ना. खोडायची बी तकलीफ न्हाई. फकस्त मेला त्याच्या जागी जिता आला, एवढं लिवा."

आम्ही दोघं हसलो. मी अर्ज घेतला, कपड्यात बांधून बस्त्यात ठेवला. तो बस्ता माझ्याच टेबलाखाली होता आणि निवडणूक येईपर्यंत तिथंच राहिला. काम जड नव्हतं. कुणी पाठपुरावा केला नाही, म्हणून पडून राहिलं.

निवडणूक जाहीर झाली आणि चळवळीच्या मंडळींनी बहिष्कार पुकारला. असलं कायदेमंडळ नको, जबाबदार राज्यपद्धती हवी, असं त्यांचं म्हणणं. आबाजी त्यांच्या गावात पुढं होता. त्यानं गावातल्या पट्टेदारांना महादेवाच्या देवळात नेलं आणि मत टाकायचं नाही म्हणून सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ आमच्याकडं मोडत नाहीत. मोडणाऱ्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. त्यानं स्वतःही उचलला. त्याची समजूत होती की यादीतला आबाजी वल्द नरसोजी, म्हणजे नरसोजीचा मुलगा आबाजी, तो तोच. पटवाऱ्यानं नाव वाचून दाखवलं तेव्हा तो हो म्हणाला होता. पटवाऱ्यालाही खोलात जायचं कारण नव्हतं.

मतदान बाळापूरच्या शाळेत होतं. थंडीचे दिवस. पद्धत अशी की मतदार यायचा, नाव सांगायचा, गावचा पटवारी ओळख पटवायचा, आणि मग मी यादीत त्याच्या नावावर 'साद' करायचा. साद म्हणजे उर्दूतल्या त्या अक्षराचं नुसतं डोकं, तांबड्या शाईत. दफ्तरात कुठल्याही कागदावर साद दिसला की समजायचं, हे पाहिलं, हे बरोबर आहे. त्यानंतर मतदाराला कागद मिळे.

दुपारपर्यंत माझी बोटं तांबडी झाली नव्हती. बहिष्कार लागू पडला होता. शाळेसमोर बाजाराच्या लिंबाखाली आबाजी आणि चारपाच जण उभे होते. ते कुणाला अडवत नव्हते. येणाऱ्याला नुसता रामराम करायचे, आणि तो माणूस दोरखंड घ्यायला आल्यासारखा दुकानाकडं वळायचा. एकदा आबाजी स्वतः शाळेच्या दारात आला. त्याच्या गावचा एक म्हातारा पट्टेदार आत येऊन बसला होता, त्याला न्यायला.

"चला तात्या, इथं काय सावलीला बसले?" मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "मुन्शीजी, तुमचं टेबल रिकामंच दिसून राहिलं."

"बाहेर थांब," मी म्हणालो.

"थांबतो की. आमच्या अर्जाला बी थांबायची सवय हाय."

माझ्या शेजारी बसलेले दोन कारकून हसले. मला ते लागलं. हे लिहायला नको वाटतं, पण लागलं होतं हे खरं आहे.

चारच्या सुमाराला पेशकारसाहेब आले. पेशकार म्हणजे तहसीलदाराचा उजवा हात. आमच्या बढत्या, बदल्या, कायम होणं, सगळं त्यांच्या शेऱ्यावर. मी तोवर आठ वर्षं हंगामी होतो. त्यांनी यादी उलटीसुलटी पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, इतनी खाली फेरिस्त ऊपर कैसे जाएगी? आपका कागज भी तो ऊपर जाना है।"

माझा कागद म्हणजे मला कायम करण्याचा. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. कोरी मतपत्रं त्यांनी उचलली. तेवढ्या खुणा करायला यादी माझ्यापुढं राहिली.

मी डोकं चालवलं. जिवंत माणसाच्या नावावर खूण केली तर तो उद्या बोंब मारेल. मेलेला मारणार नाही. आणि मेलेले कोण, हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक होतं? वारसाचे सगळे अर्ज माझ्याच टेबलाखाली होते. एका गावात फार खुणा दिसू नयेत म्हणून मी दर गावात एखादाच मेलेला पट्टेदार निवडला. त्या गावाच्या पानावर आलो तेव्हा आबाजी वल्द नरसोजी हे नाव दिसलं. हा मेला आहे, हे मला पक्कं माहीत होतं. त्याचा पुरावाच माझ्या बस्त्यात होता. मी साद केला.

वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण त्या घटकेला लिंबाखाली उभा असलेला आबाजी माझ्या मनातसुद्धा आला नाही. दफ्तरात आबाजी एकच होता, तो पट्टेदार, आणि तो मेलेला. जो अजून यादीवर चढला नव्हता तो माझ्या लेखी कुणी नव्हताच. आठ वर्षं कागदात राहून माझी नजर अशी झाली होती.

नियमाप्रमाणं उमेदवाराच्या माणसाला संध्याकाळी यादी पाहायला मिळाली. त्यानं त्या गावचं पान काढलं, गावात पडलेली एकच खूण पाहिली, नाव वाचलं, आणि त्याला हसू आवरेना. तो तसाच बाजारात गेला आणि लिंबाखाली जाऊन मोठ्यानं म्हणाला, "शाबास रे पुढारी! समद्या गावाला बेल उचलायला लावला अन् आपण गुपचूप टाकून आला का?"

मी शाळेच्या खिडकीतून ऐकत होतो. आबाजी म्हणाला, "खोटं हाय." त्या माणसानं म्हटलं, "चल, साद दाखवतो." आणि आबाजीच्याच बरोबरचा दत्तराव, त्याचा लहानपणापासूनचा सोबती, हळूच म्हणाला, "मघा तू आत गेला व्हता ना?"

"तात्याला आणाया गेलो व्हतो."

"व्हय. तात्याला."

तेवढ्यात बाहेर जाऊन मी दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्या दोन वाक्यांत माझी नोकरी गेली असती, कदाचित तुरुंग झाला असता. घरी बायको, तीन लेकरं. मी यादीवर वाळू टाकली, शाई टिपली आणि कागद बांधले. दोन महिन्यांनी मी कायम झालो. बायकोनं गूळ वाटला.

पुढची दीड वर्षं आबाजीची बातमी मला तुकड्यातुकड्यानं कळत गेली. मी विचारत नव्हतो, तरी येणारा-जाणारा सांगे. त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. औताला कुणी बैल देत नाही. पोळ्याला त्याचे बैल मिरवणुकीच्या मागं, एकटे. बहिष्कार त्यानंच गावाला शिकवला होता आणि गाव तो फार नीट शिकलं होतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षीची दहशत मी इथं लिहीत नाही. पुष्कळांनी लिहिली आहे. हत्यारबंद टोळ्या गावं जाळत येत आहेत अशा बातम्या आल्या तसा त्या गावानं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आसरा घेतला. आबाजीही म्हाताऱ्या आईला घेऊन निघाला. नदीवर दत्तराव आणि पोरं पहाऱ्याला होती. त्यांनी आईला घेतलं. त्याला म्हणाले, "तू सरकारचा माणूस, तुला कायचं भेव? जा माघारी." तो माघारी गेला. रिकाम्या गावात तीन महिने एकटा राहिला. जाताना लोकांनी सोडून दिलेली गुरं त्यानं गोळा केली, चारली, पाणी पाजलं. नशिबानं म्हणा, त्या गावावर कुणी आलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली, लोक परतले. घरं उभी, गुरं जिवंत, आणि आबाजी धडधाकट. आणि गावानं त्यातून काय अर्थ काढला असेल? हा त्यांचा माणूस होता म्हणूनच याला कुणी हात लावला नाही, असा.

दसऱ्यानंतर दत्तराव तहसिलीत आला. सरकार बदललं होतं, पण टेबल तेच आणि मीही तोच.

"मुन्शीजी, एक अर्ज लिवून द्या. तुमच्यावाणी अक्षर कोनाचं न्हाई."

"कशाबद्दल?"

"आबाजीबद्दल. त्यानं बेलभंडारा मोडून मत टाकलं, तवापासून तो जुन्या सरकारचा खबऱ्या. गावाला तो नको. समदं गाव आंगठे देतंय. मिल्ट्रीच्या साहेबाला द्यायचा हाय."

"पुरावा काय?"

"पुरावा?" दत्तराव वेड्याकडं पाहावं तसा माझ्याकडं पाहत राहिला. "तुमची यादी! सरकारी कागद खोटं बोलतो का कुठं?"

सवयीनं मी कागद पुढं ओढला. वरती डाव्या कोपऱ्यात गावाचं नाव लिहिलं. खाली पहिली ओळ लिहिली, "आम्ही खाली आंगठे करणार..." अक्षर सुरेख आलं होतं. दुसऱ्या ओळीत आबाजीचं नाव यायचं होतं. वल्द नरसोजी. तिथं हात थांबला. मला टेबलाखालचा तो बस्ता पायाला लागला. तो अजून तिथंच होता.

"काहून थांबले?" दत्तरावानं विचारलं.

मी म्हणालो, "हा इथं लिहिता येणार नाही. मी उद्या गावात येतो. सगळ्यांना पारावर बोलाव. त्यालाही."

दुसऱ्या दिवशी गेलो. बस्त्यातून त्याचा अर्ज काढून सोबत घेतला होता. पारावर गाव जमलं होतं. आबाजी एका कडेला, एकटा, त्याच्यापासून चार हात जागा मोकळी. त्याची आई देवळाच्या पायरीवर. दोन वर्षांत तो फार वाळला होता. मला पाहून त्यानं रामराम केला. गावातून रामराम करणारा तो एकटाच होता.

मी उभ्यानंच सांगितलं. यादीतलं नाव याच्या आजाचं आहे. आजा मेलेला आहे. त्याच्या नावावर खूण मी केली. याच्या नावावर पट्टा चढलाच नाही, हा बघा अर्ज, तीन वर्षं माझ्याकडंच पडून आहे. पट्टा नाही म्हणजे मत नाही. ज्याला मतच नव्हतं तो टाकणार काय?

मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे याला मतच नव्हतं? अन् आमाला बेल उचलाया लावून राहिला व्हता?" आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं हसले, मग बरेच. मला वाटलं होतं की मी त्याची अब्रू परत घेऊन आलो आहे. आणली होती, पण तिचं हसू करून आणली होती. आबाजीचा चेहरा मी पाहिला. दोन वर्षं वाळीत काढलेल्या त्या माणसाची मान तोवर ताठ होती. ती तेव्हा खाली गेली.

दत्तराव हसला नाही. तो जागचा उठला, ती चार हात मोकळी जागा ओलांडून आबाजीजवळ गेला आणि शेजारी बसला. आबाजी त्याच्यापासून थोडा सरकला.

पायरीवरून म्हातारी म्हणाली, "माझा सासरा लई कष्टाचा मानूस. जिता व्हता तवर सरकारसाठी वेठ केली. मेल्यावर बी तुमी त्याला कामाला लावलं व्हय?"

मी म्हणालो, "आई, पेशकारसाहेबांचा हुकूम होता. यादी रिकामी पाठवायची नाही म्हणाले. मी नोकर माणूस..."

"मुन्शीजी," आबाजीनं मान वर केली. आवाज सावकाश, अर्ज घेऊन आला होता तेव्हासारखाच. "पेशकारानं माझ्या आजाचं नाव सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मी लिंबाखाली खोटा पडलो, तवा तुमी ऐकलं व्हतं?"

"ऐकलं."

"मग हुकूम कायचा सांगता?"

मी हातातला अर्ज खाली ठेवला, टोपी काढून त्यावर ठेवली, आणि बोललो ते असं: "हुकूम नव्हता. नाव मी निवडलं, माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून निवडलं. तुम्ही खरे आहात हे मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं, आणि मी खिडकीत बसून राहिलो. दोन वर्षं बसून राहिलो. आबाजीराव, तुमचा गुन्हेगार मी आहे, दुसरं कुणी नाही. मला माफ करा."